कोवळी पानं मोजत नाहीत

“मग नाव देऊ ना, माई?”

जयवंत गवस पुन्हा तेच विचारत होता. माईंनी अजून मान वर केली नव्हती. त्या करवंट्या पुसत होत्या.

दोडामार्गच्या वरच्या अंगाला आमचा मठ. मठ कसला, दोन खोल्या आणि मागे रबराची बाग. झाडाच्या चिकावर मठाची चूल पेटते. लोक माईंकडे सल्ला विचारायला येतात म्हणे. माझ्या पाहण्यात तरी सगळे होकार घ्यायलाच येतात. जयवंतही त्यातलाच. माईंच्या हाताखाली वाढला, झाडांचा शास्त्रज्ञ झाला, आणि ते कुणाला विसरू देत नाही.

फाल्गुन होता. पानगळ संपून बागेला नवी पालवी फुटली होती. त्या दिवसांत माई चीक काढू देत नाहीत. झाडं बाळंतीण आहेत म्हणतात, आणि चीक धरायला झाडांना बांधलेल्या करवंट्या उतरवून ठेवतात. चूल मग कशीबशी चालते.

“बघा तरी.” जयवंतने थर्मासमधलं कढत पाणी भांड्यात ओतलं. मागच्याच झाडाचं एक हिरवंगार पान त्यात बुडवलं, थोड्या वेळाने काढून पानाचा जीव मोजायच्या यंत्रात धरलं. “जिवंत आहे. बाकीच्या झाडांची पानं एवढ्यात मेली असती. दरवर्षी ऊन वाढतंय, माई. पुढे हेच झाड तगणार. उद्यापासून याची कलमं गावोगाव जातील. आणि या जातीला मला निनादचं नाव द्यायचंय.”

निनाद त्याचा मुलगा. नऊ वर्षांचा होता. गेल्या वैशाखात भर दुपारी बापाबरोबर डोंगरावर पानं गोळा करायला गेला. वाटेत म्हणाला, डोकं दुखतंय. ‘गवसांच्या पोरांना ऊन लागत नाही,’ म्हणत जयवंतने त्याला तसाच पुढे चालवला. पोराने संध्याकाळ पाहिली नाही.

गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. जयवंतसमोर कुणी काढत नाही. मलाही सांगताना जड जातं.

माईंनी करवंटी खाली ठेवली.

“कुठलं पान घेतलंस?”

“वरच्या फांदीचं. आधी फुटलेलं, चांगलं जून झालेलं पान.”

माई उठल्या. त्याच झाडाच्या खालच्या फांदीवर तांबूस पालवी अजून लवत होती. माईंनी झाडाला हात जोडले आणि एक कोवळं पान खुडलं.

मी बघतच राहिलो. पालवीला हात लावला म्हणून माईंनी माणसं मठाबाहेर काढलेली आहेत.

ते पान त्यांनी भांड्यात सोडलं. पाण्याला टेकताच त्याने मान टाकली.

“ते नाही चालत, माई.” जयवंत घाईघाईने म्हणाला. “कोवळी पानं मोजत नाहीत. पद्धतच तशी आहे. त्यांना सोसत नाही हे माहीतच असतं, म्हणून आम्ही ती...”

तो थांबला.

“म्हणून काय?” माईंनी विचारलं.

“...सोडून देतो.”

बागेत वारा नव्हता. जयवंत भांड्याकडे बघत उभा होता. मग मटकन खाली बसला.

“तो म्हणाला होता, माई... डोकं दुखतंय म्हणून. परत परत म्हणाला.”

“हं.”

“मला माहीत होतं. एवढंसं पोर ते... आणि मी म्हटलं, चल.”

जयवंत रडायला लागला. वर्ष होत आलं, त्याला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, काळीज दगडाचं आहे. त्या दुपारी मला माझीच लाज वाटली.

बऱ्याच वेळाने माईंनी कढत पाण्यात हात घातला. बोटं लाल झाली. ते मलूल पान काढून त्यांनी जयवंतच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची मूठ हलकेच मिटली.

“नाव याला दे,” माई म्हणाल्या. “आणि मग मोज.”