ढिगाच्या तळाशी

अवजारं एकमेकांना उलट उत्तरं द्यायची, त्या काळातली ही गोष्ट. द्वारकाबाईच्या रानात कोयत्याने करवंदीच्या जाळ्या तोडून माणूसभर उंच ढीग घातला होता. महिन्याभरात तो वाळून खडखडीत झाला. आता तो भाताच्या राबावर, म्हणजे रोपं करायच्या जागेवर, नेऊन भाजायचा होता.

बाईने दोन फाट्यांची काठी उचलली. त्या काठीला सगळे दुबेळकी म्हणत. ती वरून एकेक फांदी काढू लागली, तसा बाईच्या कमरेचा कोयता वैतागला. "बैलांना दोर बांधा नि अख्खा ढीग फरफटत न्या! सगळं मीच मारलंय. मेलेल्याचे कसले लाड?"

"काट्याला घाई चालत नाही बाबा," बाई म्हणाली.

उन्हं कलली, तेव्हा तळाची शेवटची फांदी दुबेळकीने उचलली आणि ती तशीच थबकली. खालून ऊब येत होती.

फांदीखाली लावा पक्षीण मान आखडून बसली होती. माणूस पाहूनही ती उडाली नाही. तिच्या पोटाखाली एक अंडं तडकलं आणि करवंदाएवढं ओलं डोकं बाहेर आलं. बाई श्वास रोखून उकिडवी बसली.

कोयत्याला त्या घरट्याच्या छपरावर आपलाच घाव दिसला. तो पुटपुटला, "ही तर मी तोडलेली फांदी. मग इथे हे कधी झालं?"

"तू पाठ फिरवल्यावर," दुबेळकी म्हणाली, आणि तिने ती फांदी इतकी अलगद खाली ठेवली की एक वाळकं पानही वाजलं नाही.