मुंगीचा गूळ आणि कलणारं विमान

एक होती मुंगी. तिच्याकडे होता गुळाचा खडा. खडा घेऊन ती विमानावर बसली. विमान इवलंसं, शलाकाताईने बनवलेलं.

भुर्रर्र! विमान तळ्यावर गेलं. हळू झालं. एक पंख कलला. गर्रर्र… धप्प!

विमान काठावर. मुंगी काठावर. गूळ तळ्यातल्या दगडावर.

मुंगी म्हणाली, "विमाना विमाना, दगडावर चल. माझा गूळ हवा."

विमान म्हणालं, "दगडावर उतरायचं तर हळू उडायला हवं. हळू उडालं की माझा पंख कलतो. पंखाच्या पुढच्या कडेला दोरा चिकटव. मग नाही कलणार. मग येईन."

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"दोऱ्या दोऱ्या, पंखावर बस. विमान येईना, गूळ मिळेना!"

दोरा म्हणाला, "डिंक नाही तर मी नाही. घसरतो मी."

तुरुतुरु तुरुतुरु.

"डिंका डिंका, चिकट हो. दोरा पंखावर बसेना, विमान येईना, गूळ मिळेना!"

डिंक म्हणाला, "मी वाळलोय खडखडीत. आधी पाणी आण."

तुरुतुरु तुरुतुरु.

"माठा माठा, पाणी दे. डिंक चिकट होईना, दोरा पंखावर बसेना, विमान येईना, गूळ मिळेना!"

माठ म्हणाला, "मला हात आहेत का? ताईला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु. ताई पायरीवर बसलेली. गाल फुगलेले.

"ताई ताई, ऊठ. माठ पाणी देईना, डिंक चिकट होईना, दोरा पंखावर बसेना, विमान येईना, गूळ मिळेना!"

ताई म्हणाली, "नाही उठत, जा! विमान सारखं पडतं. आधी ते नीट उडू दे."

झाली का पंचाईत! ताई विमानासाठी अडली, विमान दोऱ्यासाठी अडलं. तिकडे गूळ उन्हात वितळू लागला.

मुंगीला रडूच आलं. रडत रडत पुन्हा म्हणाली, "माठ पाणी देईना, डिंक चिकट होईना, दोरा पंखावर बसेना…"

ताईने मान वळवली. "काय? दोरा? पंखावर?"

"हो. पुढच्या कडेला."

"मग आधी नाही का सांगायचं!"

"मघापासून तेच तर सांगतेय!"

ताई उठली टुणकन. माठाने पाणी दिलं, बुडबुड. डिंक भिजला, चिकट झाला. दोरा पंखावर बसला, चप्प! मुंगी दोऱ्याला धरून बसली.

भुर्रर्र! तळ्यावर विमान हळू झालं. अगदी हळू. पंख कलला का?

नाही कलला!

विमान दगडावर उतरलं, अल्लद. गूळ अर्धा वितळला होता. अर्धा होता. मुंगीला तेवढा पुरला. मग ती पंखावर चढली आणि दोऱ्याला टेकून झोपली.

मुंगीचा गूळ संपला, आपली गोष्ट संपली. बोटं चाटा!