अजून कोणी ऐकते आहे का?

घाटाच्या पायथ्याशी, गावापासून थोडे अंतर राखून, एक शुश्रूषागृह होते. ज्यांच्या आजारावरचे सगळे उपाय संपले आहेत अशी माणसे तेथे शेवटचे दिवस काढायला येत. तेथील डॉक्टरबाई कोणालाही बरे करण्याचे वचन देत नसत. वेदना कमी करू आणि एकटे पडू देणार नाही, एवढेच त्या सांगत.

आवाराच्या मधोमध प्रार्थनाघर होते. तेथे सकाळी आणि सायंकाळी गाणे होई. कधी भजन, कधी नुसती बासरी, कधी एखाद्या रुग्णाची बहीण येऊन जात्यावरच्या ओव्या म्हणे. ज्यांना अंथरुणातून उठवत नसे त्यांच्यासाठी प्रत्येक खाटेशेजारी एक छोटा संच बसवला होता. तो लावला की प्रार्थनाघरातले गाणे तारेवरून उशापर्यंत येई. पण त्याच तारांवरून परिचारिकांना बोलावण्याची घंटाही जात असे, आणि काही दिवसांपासून गाणे सुरू झाले की घंटा मागे राहू लागली होती. एका वृद्धाने पाण्यासाठी कळ दाबली. परिचारिका पोहोचली तेव्हा त्याने वाट पाहणे सोडून भिंतीकडे तोंड केले होते. तिने पेला पुढे धरला, पण तो वळला नाही.

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी घाटगे सरांना निरोप धाडला.

घाटगे सरांची हयात दूरसंचाराचे शास्त्र शिकवण्यात गेली होती. निवृत्तीनंतर ते त्याच पंचक्रोशीत राहत. शिकण्याची खरी ओढ असलेले विद्यार्थी अजूनही त्यांच्याकडे येत. त्यांत चारुता नावाची एक मुलगी होती. तिची बुद्धी तल्लख, हात सफाईदार. तिने केलेल्या जोडणीत एक तारही वाकडी सापडत नसे. सरांनी हे काम तिच्यावर सोपवले.

"स्विच म्हणजे तारांचा चौक," सर म्हणाले. "तिथं आलेलं गाणं तो सरसकट प्रत्येक तारेवर ढकलतोय. ज्यांनी मागितलं त्यांच्याकडे, आणि ज्यांनी मागितलं नाही त्यांच्याकडेही. त्या गर्दीत घंटा अडकते."

"मग मल्टिकास्ट स्नूपिंग चालू करायचं, सर. कोणत्या तारेपलीकडून मागणी आली हे स्विचनं ऐकायचं, आणि तिथंच गाणं सोडायचं."

"बरोबर. पण त्याला नुसतं ऐकायला शिकवू नकोस, विचारायलाही लाव. थोड्या थोड्या वेळानं सगळीकडे विचारत राहू दे, अजून कोणाला हवंय का म्हणून. तेवढं सांभाळ."

चारुताने मान डोलावली. तिला हे नवे नव्हते.

शुश्रूषागृहात तिने मन लावून काम केले. स्नूपिंग सुरू होताच तारांवरची गर्दी ओसरली. गाणे सुरू असतानाच डॉक्टरबाईंनी स्वतः एका खोलीत जाऊन कळ दाबली, आणि परिचारिकांच्या खोलीत घंटा तत्क्षणी वाजली. बाईंनी चारुताचा हात हातात घेतला. "मुली, तू काय केलंस ते तुला कळायचं नाही," असे म्हणून त्या डोळे टिपत निघून गेल्या. काम येथे पूर्ण झाले होते.

परंतु चारुताचे समाधान झाले नाही. ती पडद्यासमोर बसून राहिली. आता शांत झालेल्या तारांवर तिला बारीकसारीक खळबळही दिसू लागली. स्विच दर दोन मिनिटांनी साऱ्या खोल्यांना विचारत होता, कोणाला हवे आहे का? उत्तरे नेहमीचीच येत. सारखे तेच विचारायचे कशाला, असे तिच्या मनात आले. तिने प्रश्नांमधले अंतर यंत्र परवानगी देईल तेवढे लांबवले. मग आणखी एक गोष्ट तिला खटकली. एखाद्या संचाने 'आता नको' असे कळवले, तरी स्विच ती तार लगेच बंद करत नसे. आधी तो त्याच तारेवर विचारी, अजून कोणी ऐकते आहे का? आणि थोडा वेळ थांबे. हे थांबणे तिला भाबडेपणाचे वाटले. जो नको म्हणतो त्याच्या दारात घुटमळायचे कशासाठी? स्विचमध्ये त्यावर तोड होती. 'नको' हा शब्द येताच तार तत्काळ बंद. चारुताने ती सोय चालू केली.

प्रत्येक खोलीत एकच तार जाते आणि आत एका छोट्या डबीतून ती दोन खाटांना फुटते, हे तिला माहीत होते. पण पडद्यावर प्रत्येक खोली ही एकच ओळ होती. ओळीकडे पाहता पाहता खाटा तिच्या मनातून निसटल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती पडद्यासमोर असताना पूर्वेकडच्या शेवटच्या खोलीची ओळ एकाएकी नाहीशी झाली. प्रश्न नाही, थांबणे नाही. चारुताला मनापासून बरे वाटले. तिने सरांना फोन केला आणि केलेले सारे सांगितले.

सरांनी विचारले, "खोल्यांतून जाऊन आलीस का?"

"त्याची गरज पडली नाही, सर. इथं सगळं दिसतं."

"मी सकाळी येतो," सर म्हणाले.

सकाळी ते आले. चारुताने त्यांच्यासाठी पडद्यापुढे खुर्ची ओढून ठेवली होती. प्रार्थनाघरात नुकतेच गाणे सुरू झाले होते. सरांनी खुर्चीकडे पाहिले, पडद्याकडे पाहिलेच नाही. काठी उचलून ते ओवरीतून चालू लागले. चारुता मागोमाग निघाली. प्रत्येक दाराशी ते उभे राहत, आत नमस्कार करत आणि विचारत, "गाणं ऐकू येतंय ना?" कोणी हो म्हणे, कोणी नुसता हात हलवी. उत्तर मिळाल्यावरही सर थोडे थांबत, मग पुढे जात. चारुताला मनातून संकोच वाटत होता. जे पडद्यावर एका दृष्टिक्षेपात कळते त्यासाठी आजारी माणसांना त्रास का द्यावा?

पूर्वेकडच्या शेवटच्या खोलीत एक खाट रिकामी होती. चादर घडी घालून उशाशी ठेवली होती. तेथे अनसूयाबाई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. काल दुपारी त्या गेल्या होत्या. काल जी ओळ पुसली गेली ती हीच. कोणीतरी बाईंचे डोळे मिटले असतील, आणि मग हात लांब करून संच बंद केला असेल.

दुसऱ्या खाटेवर हौसाबाई होत्या. साऱ्या जन्माची ऊसतोडणी त्यांच्या हाताच्या भेगांत दिसत होती. त्यांच्या उशाशी असलेल्या संचावरचा दिवा पेटलेला होता, पण आवाज येत नव्हता.

"हौसाबाई, गाणं ऐकू येतंय का?" सरांनी विचारले.

"न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "पर आसू द्या."

"कधीपासून?"

"बाई गेल्या तवापास्नं."

चारुता लगबगीने त्यांच्या संचाकडे वळली. तार तपासली, कळ पाहिली. सगळे ठाकठीक होते. सर मात्र तिकडे गेलेच नाहीत. ते रिकाम्या खाटेकडे गेले, तिच्याजवळच्या स्टुलावर सावकाश टेकले आणि मृत अनसूयाबाईंचा संच त्यांनी चालू केला.

दारात आलेली परिचारिका थबकली. "सर, तिथं आता कोणी नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"माहीत आहे," सर म्हणाले.

चारुताला वाटले, सर थकले आहेत. वय झाले आहे, मृत्यू पाहून मन विचलित झाले असेल. ती त्यांना उठवायला पुढे झाली. तोच रिकाम्या खाटेशेजारून बासरीचा सूर आला, आणि त्याच क्षणी हौसाबाईंच्या उशाशीही.

हौसाबाईंनी मान वळवली. त्या आधी आपल्या संचाकडे पाहत राहिल्या, मग रिकाम्या खाटेकडे. त्यांचा चेहरा आक्रसला.

"ह्ये बाईंचं हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "त्या मागायच्या, म्हून मला बी घावायचं. त्या गेल्या, तवा मला वाटलं, त्यांचं त्यांच्यासंगं गेलं."

"तुम्ही कोणाला सांगितलं का नाहीत?" चारुताने विचारले.

"काय सांगू बाय? माझं कुटं व्हतं त्ये?"

"काल संध्याकाळी..." चारुता म्हणाली.

"काल लई गप्प गप्प वाटलं," हौसाबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. "त्या खाटंकडं बगत पडले. दुसरं काय?"

सरांनी दोन्ही संच चालू ठेवले आणि ते बाहेर आले. ओवरीतल्या बाकावर बसले. चारुता उभीच होती. शास्त्र तिला ठाऊक होते, म्हणून काय घडले ते तिच्यापुढे आता आरशासारखे स्पष्ट होते. अनसूयाबाईंचा संच 'हवे' म्हणे, तेव्हा त्याच तारेवरचा हौसाबाईंचा संच ते ऐकून गप्प राही. पहिला संच बंद झाला तेव्हा त्याने 'नको' म्हटले, आणि तिच्या आज्ञेनुसार स्विचने आत न डोकावता तार तोडली. दुसऱ्या संचाला बोलण्याची संधी पुढच्या प्रश्नाच्या वेळी मिळाली असती. तो प्रश्न तिने लांब ढकलला होता.

"सर, चूक माझी आहे," ती म्हणाली.

"बस," सर म्हणाले. ती बसल्यावर ते संथपणे बोलू लागले. "घंटा वेळेवर वाजते, ते तुझं काम खरंच आहे. ते कोणी नाकारत नाही. पण ऐकणं आणि विचारणं ही दोन वेगळी कामं आहेत, चारुता. जो नुसतं ऐकतो, त्याला फक्त बोलणारा कळतो. एका छपराखाली एकानं मागितलं की दुसरा गप्प बसतो. त्याला वाटतं, आपलंही मागून झालं. संच तसे घडवलेत, आणि माणसंही पुष्कळशी तशीच असतात. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ नको असा नसतो. म्हणून मागणारा उठून गेला, तर दार लावण्याआधी आत एकदा विचारायचं. विचारून थांबायचं. ज्याला मागायची सवय नाही त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. तू तो वेळ वाचवलास."

चारुता खाली मान घालून ऐकत होती. प्रार्थनाघरातली बासरी थांबून कोणा स्त्रीचा आवाज सुरू झाला होता.

"मी बदलते," ती म्हणाली. "तत्काळ बंद करण्याची सोय काढते. प्रश्न पुन्हा दोन मिनिटांवर आणते."

"आण."

"आणि कालची संध्याकाळ?"

सरांनी काठी टेकून पूर्वेकडच्या शेवटच्या दाराकडे पाहिले.

मग चारुता उठून स्विचच्या खोलीत गेली आणि दोन्ही गोष्टी तिने पूर्ववत केल्या. पडद्यावर पुन्हा ती बारीक खळबळ दिसू लागली. ती पाहत थांबली नाही. परत पूर्वेकडच्या खोलीत आली आणि तिने अनसूयाबाईंचा संच स्वतःच्या हाताने बंद केला. हौसाबाई तिच्याकडे पाहत होत्या. तारेवरून प्रश्न गेला असेल, आता उत्तर येईल, असे तिने मनात म्हटले. हौसाबाईंच्या उशाशी गाणे अखंड चालू राहिले.

चारुता त्यांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसली.

"आजी, हे गाणं तुमचं आहे," ती म्हणाली. "तुमच्या नावानं येतंय. बाईंचं नाही."

हौसाबाई काही बोलल्या नाहीत.

"तुम्हाला कसं हवंय ते सांगा मला."

त्या तरीही गप्प होत्या. पूर्वीची चारुता असती तर 'काही नको' असे समजून उठली असती. ती बसून राहिली. खिडकीवरचे ऊन सरकून पायांवरच्या घोंगडीवर आले. हौसाबाईंचे ओठ एकदा हलले आणि पुन्हा मिटले. चारुता वाट पाहत राहिली.

अखेरीस हौसाबाईंनी इकडेतिकडे पाहिले, जणू कोणी ऐकेल अशी भीती होती, आणि हात वर करून बोटे किंचित खाली दाबल्यासारखी केली.

"जरा बारीक कर, लेकी," त्या म्हणाल्या. "बाईंला ऐकू कमी यायचं, म्हून दोन्ही मोटं लावून ठेवलेलं. मला लई मोटं व्हतंय. पयल्यापास्नंच व्हतंय."

चारुताने आवाज कमी केला. "एवढा?"

"आजून."

"आता?"

हौसाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. बाहेर ओवरीत सरांची काठी पुढच्या दाराकडे वाजत गेली. चारुता मात्र उठली नाही.

"आणखी काही हवंय का, आजी?" तिने विचारले, आणि ती थांबली.