मालनताईंच्या खणातली वही

एकदा एक शिष्य भर दुपारी आपल्या गुरूंच्या घरी आला आणि नमस्कारही न करता ओट्यावर बसला. गुरूंचे वय पंच्याहत्तरीच्या पुढे. गुडघे कुरकुरत, म्हणून ते दाराशीच खुर्ची टाकून बसलेले असत. त्यांनी शिष्याचा चेहरा पाहिला, आत जाऊन तांब्याभर पाणी आणले आणि त्याच्यापुढे ठेवले. विचारले मात्र काहीच नाही. दमलेल्या माणसाला आधी पाणी द्यावे, प्रश्न नंतर. एवढे शहाणपण वयाने येतेच.

पाणी संपवून शिष्य म्हणाला, "गुरुजी, मी हात टेकले."

आता त्याचे काम काय ते सांगतो. एका सेवाभावी संस्थेची पाच केंद्रे होती आणि प्रत्येक केंद्रात रक्तदात्यांची एक यादी असे. कोणाचा रक्तगट कोणता, त्याने शेवटचे रक्त कधी दिले, त्याला पुन्हा कधी बोलवायचे. एकदा रक्त दिलेल्या माणसाला निदान तीन महिने बोलवायचे नाही, हा नियम. काही लेकरांना जन्मजात आजारामुळे दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागते. त्यांचे जगणे या यादीच्या आधाराने चालते. यादी अनेक वर्षे संगणकावरच्या एका जुन्या प्रोग्रामात, रकान्यारकान्यांच्या तक्त्यात, ठेवलेली होती. संस्थेने आता नवा प्रोग्राम घेतला होता आणि महिनाअखेरीस जुना उघडणेच बंद होणार होते. सर्वांना जुन्यावरून नव्यावर नेण्याची कामगिरी शिष्याकडे आली होती. त्याला संगणक शिकवला होता तो गुरूंनी. आणि वीस वर्षांपूर्वी याच संस्थेला वह्यांवरून संगणकावर आणले होते तेही गुरूंनीच.

"चार केंद्रं एकेका दिवसात झाली," शिष्य म्हणाला. "मी यादी नव्यात घालून दिली, दाखवलं, त्यांनी माना डोलावल्या आणि कामाला लागले. पाचव्या केंद्रानं मात्र नाकी नऊ आणलेत. दोघीच आहेत तिथे, मालनताई आणि उषाबाई. सहा वेळा जाऊन आलो! दर वेळी चहा देतात, चिवडा देतात, मन लावून ऐकतात. दुसऱ्या दिवशी जावं तर ये रे माझ्या मागल्या, जुनंच उघडून बसलेल्या. म्हणे बटणं इकडची तिकडे झाली. मग म्हणे अक्षर बारीक आहे. मोठं करून दिलं, तर म्हणे आमचा पिवळा रंग तो हा नव्हे. गुरुजी, एका पिवळ्या रंगापायी माझा अर्धा दिवस गेलाय."

"मिळाला का पिवळा?"

"मिळाला. मग म्हणाल्या, तुमची तब्येत उतरलेली दिसते, जेवता का वेळेवर?"

गुरूंच्या मिशा किंचित हलल्या. शिष्य हसला नाही. त्याचे डोळे खोल गेले होते आणि आवाजात राग उरला नव्हता. राग असता तर बरे, राग म्हणजे अंगात अजून काही धुगधुगी आहे.

"पाच दिवस राहिलेत, गुरुजी. जुनं बंद पडलं आणि यांना नवं येत नसलं, तर एखाद्या लेकराला रक्त लागेल तेव्हा या काय उघडणार? मी ठरवलंय, उद्या त्या यायच्या आत जायचं आणि जुना प्रोग्राम काढूनच टाकायचा. मग शिकतील झक मारत." बोलल्यावर त्याने जीभ चावली. "म्हणजे, शिकावंच लागेल."

गुरूंनी रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "उद्या मी येतो तुझ्याबरोबर. बंद करायचं ते मी करीन. तू हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी दोघे रिक्षाने केंद्रावर गेले. एका दवाखान्याच्या मागची ती खोली. रक्त तिथे नसे, तिथे फक्त यादी असे. दोन टेबले, एक संगणक, एक पंखा आणि खिडकीत पाण्याचा माठ.

"अगंबाई, गुरुजी!" म्हणत दोघी उठल्या. मालनताई साठीला टेकलेल्या, किरकोळ अंगाच्या. उषाबाई त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. खुर्ची पुढे आली, चहा सांगितला गेला. गुरू मात्र बसले नाहीत. ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी संगणकाचे बटण खटकन बंद केले. पडदा काळा झाला.

"गुरुजी!" शिष्य ओरडलाच.

"आज हे यंत्र सुरू करायचं नाही. जुनं नाही आणि नवंही नाही," असे म्हणून गुरू खुर्चीवर टेकले. म्हातारपणाने गुरूंना काही सुचेनासे तर झाले नाही, अशी शंका शिष्याच्या मनात आली आणि त्या शंकेची त्याला लाजही वाटली.

गुरूंनी शांतपणे विचारले, "मालनताई, बुधवारी कोणाच्या लेकराचा नंबर आहे? आणि कोणाला बोलावणार?"

उषाबाईंनी मालनताईंकडे पाहिले. मालनताईंनी गुरूंकडे पाहिले, मग फरशीकडे. मग त्या खाली वाकल्या, टेबलाचा सगळ्यात खालचा खण ओढला, त्यातली वर्तमानपत्रे बाजूला केली, डबा बाजूला केला आणि लाल कापडी पाठीची एक लांबोडी वही वर काढली. चष्मा लावून एक पान उघडले.

"बुधवारी तन्वी. बी निगेटिव्ह. शेखमास्तरांना फोन करायचा. फेब्रुवारीच्या दहा तारखेला दिलंय त्यांनी, आता चालतील."

शिष्याने वही जवळजवळ हिसकावूनच घेतली. शेवटची नोंद काल संध्याकाळची होती. त्याने पाने मागे उलटली. आदला दिवस, आदला आठवडा, आदला महिना. एक दिवस सुटलेला नव्हता. बारीक, सरळ, निळे अक्षर.

"याच्या आधीच्या वह्या?"

"कपाटात आहेत. नऊ," मालनताई हळूच म्हणाल्या.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही सगळं दोनदा लिहिता?"

"आधी वहीत. मग त्यात." आणि त्यांनी काळ्या पडद्याकडे हनुवटी केली.

मग त्या सांगू लागल्या; इतकी वर्षे कोणी विचारले नव्हते, म्हणून सांगितले नव्हते. संगणक आल्याच्या तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. नावे अनुक्रमाने लावावीत म्हणून त्यांनी एक बटण दाबले. नावांचा रकाना हलला. रक्तगटांचा रकाना जागीच राहिला. शेजारीच असलेल्या दोन गोष्टींची ताटातूट झाली आणि तक्ता तर पहिल्यापेक्षा नीटनेटका दिसत होता. दुसऱ्या दिवशी एका लेकरासाठी त्यांनी यादीत बघून दात्याला बोलावले. तो बिचारा कामाचा खाडा करून चाळीस किलोमीटरवरून आला. दवाखान्यात तपासले तर गट भलताच. दुसरा दाता मिळेपर्यंत दोन दिवस गेले.

"तपासल्याशिवाय रक्त देत नाहीत, म्हणून निभावलं," मालनताई म्हणाल्या. "पण ते पोर दोन दिवस त्या समोरच्या बाकावर आईच्या मांडीवर पडून होतं. पांढरंफटक. आई मला एका शब्दानं बोलली नाही हो. बोलली असती तर बरं झालं असतं." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "त्या दिवशी घरी जाताना वही विकत घेतली. तुम्हाला कसं सांगणार होते, गुरुजी? तुम्ही किती हौसेनं शिकवलं होतं."

"दुधानं तोंड पोळलंय, सर," उषाबाई शिष्याला म्हणाल्या. "ताक फुंकून पितो, त्याचा राग मानू नका."

शिष्याने वही मिटून मालनताईंपुढे ठेवली. गुरू बोलू लागले.

"मी निवृत्त झालो तेव्हा याच खोलीत माझा सत्कार झाला. संस्था संगणकावर आणल्याबद्दल शाल आणि नारळ. पेढे वाटायला ताटली हवी म्हणून मी तो खालचा खण उघडला आणि अशीच एक वही दिसली. गुपचूप खण लावून घेतला. नारळ घरी नेला, पण आठ दिवस फोडवेना मला." ते थोडे थांबले. वय झालेल्या माणसाला स्वतःविरुद्ध बोलताना दम लागतो. "बाळ, तू सहा वेळा येऊन जुन्या प्रोग्रामाशी भांडलास. त्याच्यावर तर यांचा विश्वास कधी नव्हताच! यांचा विश्वास होता चूक झाली की परत फिरायच्या वाटेवर. माणूस नव्या घरी राहायला येतो रे, फक्त जुन्या घराची किल्ली त्याच्याकडे मागू नये. मी मागितली होती. वह्या बंद करा, असा हुकूमच काढला होता मी. म्हणून ती किल्ली इतकी वर्षं वर्तमानपत्राखाली राहिली. हे यंत्र चालू असतं, तर आजही यांनी ती बाहेर काढली नसती."

मालनताईंनी वहीवर हात ठेवला. "मग आता ही बंद करायची का?"

शिष्याने गुरूंकडे पाहिलेही नाही. म्हणाला, "नाही, ताई. तुम्ही वहीतून वाचा. मी नव्या तक्त्यात एकेक ओळ ताडून बघतो. जुळेल तिथे बरोबरची खूण करा."

गुरूंनी स्वतःच उठून बटण सुरू केले.

मालनताई वाचू लागल्या, शिष्य "जुळलं" म्हणू लागला. सतरा नावे झाली. अठराव्याला मालनताई म्हणाल्या, "रामेश्वर कोळपे. ओ निगेटिव्ह. तीन एप्रिल."

शिष्य पडद्याकडे वाकला.

"तीन एप्रिल, सर."

"इथं चार मार्च आहे," शिष्य म्हणाला. त्याने पुढची नावे भराभर पाहिली. यादी जुन्यातून नव्यात घेताना नव्या प्रोग्रामाने महिन्याला तारीख आणि तारखेला महिना मानले होते. बारा तारखेनंतरच्या नोंदी बरोबर होत्या, कारण तेरावा महिना नसतो. म्हणूनच वरवर पाहणाऱ्याच्या ते ध्यानात आले नसते. तीन एप्रिलला रक्त दिलेला माणूस पुढच्याच आठवड्यात, महिनाभर आधी, पुन्हा बोलावला गेला असता. आणि जे खरोखर देऊ शकत होते, त्यातल्या कित्येकांना यादी अजून थांबा म्हणत होती. मालनताईंनी सहा वेळा चहा पाजून परतवून लावलेली यादी ती हीच.

तो गुरूंकडे वळला. "गुरुजी, चारही केंद्रांत मी असंच केलंय. पंधरा दिवस ती मंडळी यावरच काम करताहेत. त्यांनी माना डोलावल्या आणि मी खूश झालो."

"जुना प्रोग्राम अजून उघडतो का?"

"उघडतो. चार दिवस." कालपर्यंत हेच दिवस कधी सरतात असे त्याला झाले होते, आणि इथला जुना प्रोग्राम तर तो आज सकाळीच काढून टाकणार होता.

गुरूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पुढचे दोन तास शिष्य आणि त्या दोघी एकेक तारीख दुरुस्त करत बसले. चहा आला तसा गार झाला. शेवटच्या नावापुढे खूण केल्यावर मालनताईंनी मान मोडून घेतली आणि आपणहून म्हणाल्या, "बुधवारची तन्वीची नोंद मी त्या नव्यात टाकीन. आधी वहीत, मग त्यात."

"चालेल," शिष्य म्हणाला. "आणि पिवळा रंग?"

"पिवळ्याचं काही नाही हो," उषाबाई ओशाळून म्हणाल्या. "काहीतरी सांगायला हवं होतं ना तुम्हाला."

शिष्य त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला, पण थोडेसेच. त्याने पिशवी उचलली. आज दोन केंद्रे, उद्या दोन. शेकडो नावे, एकेक ओळ. पाय ओढत तो दारापर्यंत गेला, तिथे घुटमळला आणि परत आला.

"ताई, कोऱ्या वह्या आहेत का हो तुमच्याकडे? चार मिळाल्या तर बरं."

मालनताईंनी खालचा खण उघडला.