सशाचा नऊशेचा ठोसा

जंगलात जनावरं मुष्टियुद्ध खेळायची, त्या काळातली ही गोष्ट. उन्हाळ्यात पाणवठा कोणाचा, हे दोन जंगलांच्या सामन्यावर ठरायचं. पलीकडून गवा उतरायचा, अलीकडून अस्वल. पण यंदा जत्रेवाल्यांचं ठोसा मोजायचं यंत्र जंगलात राहून गेलं, आणि पंच साळिंदरबाई म्हणाल्या, "आता अंदाजपंचे काही नको. कोणाला उतरवायचं ते मोजूनच ठरवू."

अस्वलाने ठोसा हाणला. तो यंत्राच्या गादीच्या कडेला बसला. "चाळीस," यंत्र म्हणालं. सशाने आपली गंमत म्हणून चापट मारली, ती नेमकी मधोमध बसली. "नऊशे!"

"अहो बाई, त्याच्या हाताने माशीसुद्धा उडत नाही," अस्वल म्हणालं.

"मग यंत्र खोटं बोलतंय होय? उगाच जळू नकोस!"

ससा तर एव्हाना छाती काढून चालायला लागला होता.

सामना सुरू झाला. सशाने जीव खाऊन ठोसा मारला. गव्याला वाटलं, अंगावर पान पडलं. मग त्याने एकच ठेवून दिला, आणि ससा उडाला तो थेट जांभळीच्या शेंड्याला जाऊन अडकला.

साळिंदरबाई यंत्राकडे धावल्या. "गव्याचा किती?"

"माझ्यावर पडलाच नाही," यंत्र म्हणालं. "म्हणजे शून्य."

"ऐकलंत? शून्य!" बाई आनंदाने ओरडल्या. "सशा, उतर खाली. तुला काही लागलेलं नाही. आपण जिंकलो!"

शेंड्यावरून बारीक आवाज आला, "बाई, हे जरा गव्याला कळवा. मला इथून दिसतंय, तो आपलं पाणी पितोय."