नववी खिडकी

“मग नववी खिडकी गेली कुठं, चाचा?”

विश्राम केतकरनं दोन कागद ओट्यावर पसरले. एकावर घर बाहेरून काढलेलं, दुसऱ्यावर आतून.

बाहेर नऊ खिडक्या. आत आठ.

इब्राहिमचाचा चुना कालवत होते. मूळचे दाभोळकडचे. तरुणपणी बोटीवर खलाशी म्हणून गेले, वेल्समध्ये उतरले, आणि मग तिथलेच झाले. टेकडीवरचं हे मोठं घर जॉर्ज राजांच्या वेळचं, दोनशे वर्षांचं. चाळीस वर्षं त्याचं चुन्याचं सगळं काम चाचांच्याच हातचं.

विश्राम पुण्याचा आर्किटेक्ट. चुन्याचं काम शिकायचं म्हणून नोकरी सोडून आला होता. चाचांनी अट घातली, आधी ह्या घराचं चित्र बरोबर काढून दाखव. तीनदा चुकलं तर परत जायचं.

दोनदा चुकलं होतं.

पहिल्या चित्रात नऊ खिडक्या होत्या. चाचा म्हणाले, “आत गेला होतास का?”

दुसऱ्यात आठ. तेव्हा म्हणाले, “बाहेर उभा राहिला होतास का?”

आता तिसऱ्यासाठी कोरा कागद त्याच्या हातात होता.

“पुण्यात खिडक्या मोजायला किती वर्षं शिकवतात रे?” चाचांनी विचारलं.

“पाच.”

“बराच वेळ देतात.”

विश्राम हसला नाही. “वरच्या मजल्यावरची, डाव्या टोकाची. बाहेरून चौकट आहे, काच आहे. आत नुसती भिंत. कुणीतरी बुजवली असणार. मी फोडून मोकळी करतो. मग आतही नऊ, बाहेरही नऊ.”

“चल वर.”

चाचा गुडघ्यांवर हात टेकत जिना चढले. टोकाच्या खोलीत त्यांनी भिंत दाखवली.

“हात लाव.”

भिंत कोमट होती.

“खाली शेकोटी पेटलीय,” चाचा म्हणाले. “धूर हिच्या पोटातून वर जातो. बांधलं तेव्हापासून.”

विश्रामनं हात तसाच ठेवला. “म्हणजे... इथं खिडकी कधी नव्हतीच?”

“आहे की. बाहेर जाऊन बघ.”

“पण ती खोटी आहे, चाचा! दाराच्या दोन्ही अंगांना सारखं दिसावं म्हणून बसवलीय. काच भिंतीला चिकटून. मधे बोट जाणार नाही.”

“बरं.”

“मग चित्रात काढू की नको?”

चाचा जिन्याकडं वळले. खाली आले. शनिवार होता. दर शनिवारी ते घराच्या समोरच्या सगळ्या काचा पुसत. बादली आणि फडकं त्यांनी विश्रामच्या हातात दिलं.

“सगळ्या?” त्यानं विचारलं.

“नऊ.”

आठ खिडक्या त्यानं भराभर पुसल्या. नववीपाशी शिडीवर थांबला. काचेमागं काळा रंग दिलेली भिंत.

“हिच्यातून कुणी बघत नाही, चाचा. हिला कशाला पुसायची?”

“वर वारा फार आहे का रे?”

“नाही.”

“मग पूस.”

त्यानं पुसली. उतरला. चार पावलं मागं जाऊन घराकडं बघितलं.

नऊच्या नऊ लखलखत होत्या. त्यातली नववी कुठली, डावीकडची की उजवीकडची, ते क्षणभर त्यालाच कळेना. त्यानं बोटांनी मोजलं. पुन्हा मोजलं...

मग तो ओट्यावर येऊन बसला. कोरा कागद तसाच होता.

“नऊ काढल्या तर खोटं होतं. आठ काढल्या तर हे घर होत नाही.”

चाचा चुना कालवत राहिले.

“मला काही कळत नाही, चाचा. तिसरं चित्र मला जमणार नाही. सामान बांधू?”

“बांध.”

विश्राम उठला. दारापर्यंत गेला.

“अरे,” चाचांनी मागून हाक मारली. “त्या खिडकीची आतली बाजू पुसायची राहिलीय. तेवढी पूस, आणि मग जा.”