सुनांची चढण

निवळेवाडीच्या चढणीवर पाहुण्यांची गाडी अडली की टपरीवरचे बयाजीअण्णा आधी हात वर करतात. "अहो, हॉर्न कशाला बडवताय? पुढं नवरीची गाडी आहे. ती उतरून पाटीभर मुरूम टाकेल, मगच वाट मोकळी होईल. तोवर चहा घ्या." आणि मग ते या चढणीची गोष्ट सांगतात.

गाव खाली दरीत, बाहेर पडायला ही एकच वाट. फार पूर्वी तानूबाई नावाची नवी सून इथं नांदत होती म्हणे. भर पावसाळ्यात माहेराहून निरोप आला, आईचं काही खरं नाही, लगेच नीघ. गाडी जुंपली, पण याच चढणीच्या चिखलात रुतली आणि तिचा आस मोडला. तानूबाई चार कोस धावत गेली. पोचली तेव्हा सरण पेटलं होतं. आईचं तोंडसुद्धा दिसलं नाही हो!

परत येताना ती इथं थांबली आणि म्हणाली, "या चढणीवरनं गाडी न अडता जाईपर्यंत मी केसांत फूल माळणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज खाणीतला मुरूम डोक्यावरून आणून इथं टाकू लागली. रस्त्यासाठी गावानं अर्ज केले होतेच. साहेब यायचे, मोजणी करायचे, कोंबडी खाऊन जायचे. सासू गोजराबाई मात्र रोज तडतडायची. "घरची सून रस्त्यावर पाट्या वाहती! तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस."

एके सकाळी तानूबाई तापानं फणफणली, तरी खाणीवर गेली. बघते तर पाटी भरलेली, शेजारी पदर खोचून गोजराबाई.

"माझी आईबी अशीच गेली गं," सासू म्हणाली. "चिखल वाळंपर्यंत थांब म्हणाले. थांबले मी."

दोघी तिथंच बसून पोटभर रडल्या, असं सांगतात. मग गावच्या सगळ्याच सुना आल्या, सासवाही आल्या. पुढच्या पावसाळ्यात भरली गाडी न थांबता वर गेली, तेव्हा गोजराबाईनं स्वतःच्या हातानं तानूबाईच्या केसांत शेवंती माळली.

आता सरकारी रस्ता झालाय, त्याचं चढणीच्या पुढचं-मागचं डांबर दर पावसाळ्यात उखडतं, खड्डे पडतात, पण एवढी चढण तेवढी टिकून आहे. आजही नवरीला पाटी सासूनंच भरून द्यायची. नवरीनं माहेराकडं तोंड करून ती ओतायची. मग सासू तिच्या केसांत फूल माळते आणि सगळ्यांसमोर म्हणते, "आईनं बोलावलं की नीघ. मला विचारायला थांबू नकोस."